राणीछाप रुपया आणि सोनाराचे शब्द

(रेडिओवरील भाषण)



जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत उन्हाळा म्हणजे लग्नसराई. भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं पाड्यावर परततात, हातात हंगामाची कमाई असते, आणि मुलीसाठी निदान पायातली जोडवी, गळ्यातली एखादी साखळी घ्यायला माणसं सोनाराच्या दुकानाची पायरी चढतात. पावसाळ्याच्या तोंडाला तीच माणसं तीच पायरी पुन्हा चढतात. या वेळी घ्यायला नाही, मोडायला. बियाण्याला पैसे हवे असतात, दवाखान्याला हवे असतात, नाहीतर घरावरची कौलं बदलायची असतात.

दोन्ही वेळेला सोनार काही शब्द बोलतो. कस, हीण, घट, डाग, घडणावळ. समोरची बाई मान हलवते. तिला त्यातलं किती कळलं हे कोणी विचारत नाही, आणि तीही विचारत नाही, कारण दुकानात प्रश्न विचारायचा संकोच वाटतो. हा संकोच महागात पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून आज मी सोनारकामाच्या या शब्दांविषयी बोलणार आहे.

वजनापासून सुरुवात करू. सोनाराचं सगळ्यात लहान जुनं वजन आपल्याच रानात उगवतं. कुंपणावर, झुडपांवर चढणारा गुंजेचा वेल तुम्ही पाहिलाच असेल. शेंग वाळून उकलली की आत लालभडक बिया आणि प्रत्येकीवर काळा ठिपका. एकेक बी साधारण सारख्या वजनाची, म्हणून तिचं वजन झालं. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे तोळ्याला 96 गुंजा. तीन गुंजांचा वाल, असे बत्तीस वाल म्हणजेही एक तोळाच. (जाता जाता आयांना सांगतो, गुंजेची बी विषारी आहे. फुटलेली किंवा चावलेली बी पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. पोरांना खेळायला देऊ नका.)

आता तोळ्याची गोष्ट नीट ऐका, कारण इथेच फसगत होते. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. 1956 च्या वजनमापांच्या कायद्यानंतर देशात मेट्रिक पद्धत आली आणि व्यवहार ग्रॅममध्ये सुरू झाला. पण तोळा हा शब्द तोंडातून गेला नाही. आज पेठेत तोळा म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा 10 ग्रॅम अभिप्रेत असतात. आजीने सांगितलेलं असतं, "माझी माळ वीस तोळ्यांची." आजीचा तोळा जुना, दुकानातला नवा. आजीच्या हिशेबाने माळ भरते 233 ग्रॅम, दुकानातल्या हिशेबाने 200. मधले 33 ग्रॅम शब्दातच हरवतात. म्हणून वजन ग्रॅममध्येच विचारा आणि काट्यावरचा आकडा स्वतः पाहा.

वीस तोळ्यांची माळ म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे जी माळ आहे ती रुपयांची. चांदीचे जुने रुपये, प्रत्येकाला वर कडी झाळलेली, आणि ते सगळे दोऱ्यात किंवा साखळीत ओवलेले. जव्हारच्या पेठेत एका दुकानात बसलो असताना अशी माळ घेऊन एक म्हातारी आली. पदराच्या गाठीतून माळ काढली आणि काचेवर ठेवली. सोनाराने ती वजनाला लावण्याआधी एकेक रुपया अंगठ्याने पुसून पाहिला. मी विचारलं, काय बघता? तो म्हणाला, "साल." मग त्याने काचेवर रुपयांच्या दोन राशी केल्या, एक मोठी आणि एक लहान, आणि म्हणाला, "आजी, या दोघांचा भाव वेगळा." आजीला वाटलं हा आपल्याला गंडवतोय. पण तो खरं बोलत होता.

झालं होतं ते असं. 1835 च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखात एकच रुपया चालू केला. वजन 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. पुढे व्हिक्टोरिया राणीचा चेहरा आला, तो आपला राणीछाप रुपया. मग सातवा एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज. चेहरे बदलले, वजन आणि कस तोच राहिला. यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार, आणि वाजवून घ्यायचा म्हणून खणखणीत. गरीब माणसाने या रुपयांची माळ केली यात मोठं शहाणपण होतं. सोनाराच्या कसावर विश्वास ठेवायची गरज नव्हती, कसाची हमी सरकारी छापाने दिलेली होती. आणि वजन मोजायचं तर रुपये मोजायचे, तितके तोळे.

दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. 1940 पासूनच्या रुपयात सरकारने चांदी निम्म्यावर आणली. रुपया दिसायला तसाच, वजनाला तोच, पण आत अर्धी चांदी आणि अर्धं तांबं, निकेल, जस्त. खोट्या नाण्यांपासून ओळखता यावा म्हणून या नव्या रुपयाच्या कडेला, दात्यांच्या मधोमध, एक खाच फिरवलेली असे. 1946-47 मध्ये चांदी पूर्णच गेली आणि निकेलची नाणी आली.

हिशेब करून सांगतो. 1940 च्या आधीच्या एका रुपयात, तो झिजलेला नसेल तर, जवळजवळ 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी. 1940 ते 1945 मधल्या रुपयात 5.8 ग्रॅम. त्या म्हातारीच्या माळेत दोन्ही होते, कारण माळ एका दिवसात झालेली नसते. सासूने दिलेले पाच, पुढे नवऱ्याने आणलेले चार, असं करत ती वाढते. सोनाराने राशी वेगळ्या केल्या हे योग्यच केलं. पण सगळी माळ हलक्या रुपयांच्या भावाने घेणारा कोणी भेटला असता, तर आजीला ते कळलं असतं का? ज्या घरात अशी माळ आहे तिथल्या शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना माझं सांगणं आहे: आज संध्याकाळी आजीजवळ बसा आणि प्रत्येक रुपयावरचं साल वाचून वहीत लिहा. साल आकड्यांत आहे, झिजलं असलं तरी तिरप्या उजेडात दिसतं.

आता कस. कस म्हणजे शुद्धता, आणि ती पाहायचा दगड म्हणजे कसोटी. काळाभोर, गुळगुळीत, मुठीत मावणारा. सोनार दागिना त्यावर घासतो, रेघ उमटते. शेजारी तो ज्या सळईचा कस त्याला ठाऊक आहे तिची रेघ ओढतो, आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडतो. पितळेची रेघ जागच्या जागी विरून जाते. सोन्याची राहते, आणि हिणकस सोन्याची फिकी पडते. हीण म्हणजे सोन्या-चांदीत मिसळलेली हलकी धातू. सगळंच हीण म्हणजे लबाडी, असं समजू नका. निव्वळ सोनं इतकं मऊ असतं की त्याचा दागिना घडला तरी टिकत नाही, थोडं तांबं किंवा चांदी मिसळावीच लागते. प्रश्न इतकाच की किती मिसळलं आणि ते सांगितलं का.

दागिना घडताना पाहिलात तर बाकीचे शब्द आपोआप कळतात. मुशीत चांदी वितळते, ओतून तिची कांबी होते, ऐरणीवर ठोकून ती लांब होते. तार हवी असेल तर जंतर काढतात. जंतर म्हणजे भोकं पाडलेली पोलादाची पट्टी, प्रत्येक भोक आधीच्याहून बारीक. कांबीचं टोक निमुळतं करून भोकातून घालायचं, सांडशीने पलीकडून खेचायचं, पुढच्या भोकातून पुन्हा खेचायचं. तार कडक झाली की तापवून मऊ करायची आणि परत खेचायची. जाड कांबीची केसासारखी तार होईपर्यंत हे चालतं. मग त्या तारेच्या कड्या करून एकीत एक अडकवायच्या आणि प्रत्येक कडीचं तोंड बंद करायचं. ते बंद करण्यासाठी सवागी (म्हणजे टाकणखार) लावून, हलक्या चांदीचा बारीक तुकडा ठेवून, फुंकणीने ज्योत मारतात. याला डाग देणं म्हणतात, झाळणं असंही म्हणतात. डागाची चांदी मुद्दाम हिणकस घेतात, कारण ती मूळ चांदीच्या आधी वितळायला हवी. साखळीला शेकडो कड्या, म्हणजे शेकडो डाग. म्हणून साखळी मोडताना कस थोडा कमी भरतो, आणि ते साहजिक आहे. भरीव कड्याला डागच नाहीत, तिथे सोनार डागाचं कारण सांगू लागला तर त्याला थांबवा.

घट म्हणजे घडताना, तासताना, वितळवताना जी धातू कमी होते ती. घडणावळ म्हणजे कारागिराची मजुरी. हे दोन आकडे वेगवेगळे विचारायचे. दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही, हे आधीच मनाशी धरून ठेवा. म्हणजे नक्षीदार दागिना घ्यायचा की साधा, हा निर्णय डोळसपणे होतो. आणि एक शब्द: पोकळ. पोकळ तोड्यात किंवा मण्यात लाख भरतात, म्हणजे तो चेपत नाही. ही लाखही रानातलीच, पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची. तोडा विकताना लाखेचं वजन चांदीच्या भावाने मिळणार नाही, पण घेताना तुम्ही ते चांदीच्या भावाने दिलंत का, हा प्रश्न तुमचा आहे.

हल्ली पुष्कळ दागिने हातोडीखाली घडत नाहीत, ठशातून निघतात. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरायची आणि पत्रा त्यावर दाबायचा. हे ठसे कोरण्याची कला आपल्याच पालघर जिल्ह्यात, समुद्रकाठच्या चिंचणी-डहाणू पट्ट्यात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. त्या कारागिरांना डायमेकर म्हणतात. घाटावरच्या आपल्या पाड्यांतल्या एखाद्या तरुणाचा हात बारीक कामाला वळत असेल तर त्याने हा धंदा जरूर पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

रत्नांविषयी थोडक्यात सांगतो, कारण आपल्या भागात रत्नं राजवाड्यात होती. जव्हारजवळचं शिरपामाळ हे नावच दागिन्यावरून पडलं असं इथली परंपरा सांगते. 1664 च्या सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांना शिरपेच अर्पण केला. शिरपेच म्हणजे पगडीवर लावायचा जडावाचा दागिना. जडाव म्हणजे खडे बसवलेलं काम. खड्याच्या भोवती सोन्याची जी बैठक करतात ते कोंदण. कच्च्या दगडाला घासून सपाट तोंडं काढणं म्हणजे पैलू पाडणं. हिऱ्याला पैलू पाडायला हिऱ्याचीच पूड लागते, दुसरं काही त्याला घासू शकत नाही. पैलू पाडणारा आणि कोंदण करणारा, हे कारागीर सहसा वेगळे असतात. आपल्या कामाचं एवढंच: दागिन्यात खडे असतील तर मोडताना खड्यांचं वजन वजा होतं. घेताना ते वजा करून भाव लावला का, ते पाहा.

शेवटी बाजारातले फसवे शब्द. आठवडे बाजारात जर्मन सिल्व्हर म्हणून चकचकीत दागिने मिळतात. त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्र धातू आहे. हौसेला घ्या, बिलकूल हरकत नाही, पण अडीनडीला त्याचे पैसे येणार नाहीत. एक ग्रॅम सोन्याचे दागिने म्हणजे पितळेवर किंवा तांब्यावर सोन्याचा मुलामा. तेही मोडीत चालत नाहीत. सोन्याच्या दागिन्यावर भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क असतो: त्रिकोणी चिन्ह, 22 कॅरटसाठी 916 हा आकडा, आणि सहा अक्षरा-आकड्यांचा ओळखक्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा सहा अक्षरी क्रमांक हवाच. तो बीआयएस केअर या ॲपवर घालून मोबाइलवर तपासता येतो. चांदीवर 925 असेल तर हजार भागांत 925 भाग चांदी. मात्र चांदीला हॉलमार्क सक्तीचा केलेला नाही, म्हणून चांदी घेताना तो मागून घ्यावा लागतो.

जव्हार-मोखाड्यातले बरेच सोनार पिढ्यांचे ओळखीचे आहेत, पाड्यावरच्या लग्नाला येणारे आहेत. आपण प्रश्न विचारला म्हणून चांगला सोनार रागावत नाही. उलट तो कसोटी पुढे करतो आणि रेघ ओढून दाखवतो. जो दाखवत नाही, त्याच्याकडून उठून पुढच्या दुकानात जायला काही लागत नाही.

तेव्हा दागिना घेताना पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: ग्रॅममध्ये वजन, कस, घट आणि घडणावळ. आणि आजीची माळ मोडायची वेळ आलीच, तर आधी घरी बसून सालं वाचा, 1940 च्या आधीचे रुपये वेगळे करा, दोन दुकानांत भाव विचारा, आणि पावती हातात पडल्याशिवाय माळ सोडू नका.