साठापुढची फ्रेंच
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी ‘परदेशचे अनुभव’ सांगा म्हणून गळ घातली. माझा परदेश म्हणजे २०१९ साली पॅरिसच्या एका व्यापारी प्रदर्शनातले चार दिवस! भाचीचा हातमागाच्या कापडाचा धंदा आहे. तिच्या गाळ्यावर मी मदतीला उभी होते. बिचारी कर्ज काढून गेली होती, तेव्हा एकेक गिऱ्हाईक मोलाचे. आपल्या लेकीसुना आता कामानिमित्त तिकडे जातात, त्यांना उपयोगी पडेल तेवढेच सांगते.

पहिला शब्द ‘बोंझूर’. दुकान असो, कचेरी असो, आधी ‘बोंझूर, मादाम’ किंवा ‘बोंझूर, मस्यू’ म्हणायचे, मग कामाचे बोलायचे. पहिल्या सकाळी मी एका बाईंना एकदम इंग्रजीतून “काय दाखवू?” असे विचारले. त्यांनी माझ्याकडे पाहून सावकाश ‘बोंझूर, मादाम’ म्हटले आणि गप्प उभ्या राहिल्या. मला ते खोचक वाटले खरे, पण चूक माझीच होती. संध्याकाळी त्याचेच ‘बोंस्वार’ होते. ओळख झाली की हात पुढे करून ‘आंशांते’ म्हणावे, म्हणजे भेटून आनंद झाला.

‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘व्हू’ म्हणजे आपण. इंग्रजांना हे जड जाते. धाकट्या दिराला अरे आणि सासऱ्यांना अहो म्हणत आलेल्या आपल्याला त्यात काय नवल? अनोळखी माणसाशी ‘व्हू’नेच बोलावे.

कोणी कॉफी विचारली आणि आपण नुसते ‘मेर्सी’ म्हटले, तर पुष्कळदा त्याचा अर्थ ‘नको’ असा घेतात. हवी असेल तर ‘वी, मेर्सी’ म्हणावे. माझी एक कॉफी अशीच परत गेली.

कॉफीचे काही नाही, पण आकड्यांनी मात्र घात केला. मी पुस्तकातून साठापर्यंतचे अंक पाठ करून गेले होते. पुढे काय असते ते पाहिलेच नाही! पंचाहत्तरला ते ‘साठ-पंधरा’ म्हणतात आणि ब्याण्णवला ‘चार-वीस-बारा’. आमची आजी विसांनी मोजायची, ‘चार विसा नि बारा’ म्हणायची, अगदी तसेच. (बेल्जम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला सुटसुटीत शब्द आहेत.) दुसऱ्या दिवशी एका दुकानदारीणबाईंनी कापड फार वाखाणले आणि आपला फोन सांगितला. तिकडे दहा अंक दोन-दोन करून सांगतात. मी ऐकले तसे लिहिले. मोजले तर पंधरा भरले! वरचे पाच मीच शहाणपणाने गिरवून खोडले. रात्री भाचीने फोन लावला, तो लागला नाही. कागद उजेडाकडे धरून पाहिला, पण खोडलेले काही वाचता येईना. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. भाची मला एक शब्द बोलली नाही, त्याचेच जास्त लागले.

तिसऱ्या दिवसापासून मी वही-पेन्सिल पुढे करून म्हणे, ‘व्हू पूव्हे लेक्रीर, सिल व्हू प्ले?’ म्हणजे कृपा करून लिहून देता का? नाही तर ‘व्हू झाव्हे युन कार्त?’ म्हणजे आपले कार्ड आहे का? परत येईपर्यंत एकही आकडा मी कानाने घेतला नाही.

वेळ संपल्याची घंटा झाली. तेव्हा ‘ओ रव्वार’, भगिनींनो!