भारतभ्रमणाचा बेत

सुटी जवळ येऊ लागली म्हणजे आपल्या घराघरांतून एक प्रश्न निघतो: यंदा कोठे जावयाचे? मुलांना बर्फ पाहावयाचा असतो, आईवडिलांना राजस्थानचे किल्ले खुणावीत असतात, आणि आजीच्या मनात वर्षानुवर्षे काशी असते. अखेर सर्वांचे समाधान व्हावे म्हणून पंधरा दिवसांत काश्मीर, दिल्ली, आग्रा, जयपूर, हरिद्वार आणि काशी असा बेत ठरतो. हा बेत प्रेमाने केलेला असतो, यात शंका नाही. पण घरात जो सर्वांत थकलेला, त्यालाच तो बहुधा सोसत नाही.

या हौसेचे मूळ आपल्या परंपरेतच आहे. पूर्वी महाराष्ट्रीय गृहस्थ काशीस निघे, तो महिनोन्‌महिने घरी परतत नसे. काशीची गंगा रामेश्वरास न्यावी व रामेश्वराची वाळू गंगेत सोडावी, तेव्हा यात्रा पुरी झाली असे मानीत. बारामतीस दीर्घकाळ राहिलेले पंडितकवी मोरोपंत (१७२९–१७९४) हेही काशीयात्रा करून आले होते. देशाची दोन टोके एका जन्मात जोडावी, ही उमेद थोर खरी. पण तिच्या पाठीशी वेळही तेवढाच असे. आज उमेद तीच आहे; वेळ मात्र पंधरा दिवसांचा उरला आहे.

उदाहरणादाखल बारामतीचेच एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. आपला देश उत्तर-दक्षिण ३,२१४ आणि पूर्व-पश्चिम २,९३३ किलोमीटर पसरलेला आहे. हे कुटुंब दौंडास येऊन जम्मूकडची गाडी धरील, तर त्याच्या दोन रात्री गाडीतच जातील. म्हणजे जाण्यायेण्यात चार. ६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर आगगाडीचे उद्घाटन झाले, त्यामुळे पुढचा घाटरस्ता टाळता येतो. पण देश काही त्यामुळे लहान झालेला नाही. विमानाने अंतर तासांवर येते, तरी दर दोन दिवसांनी सामान बांधणे आणि सोडणे त्याने टळत नाही. तेव्हा एका सुटीला एकच दिशा, हा पहिला नियम समजावा.

अंतराहूनही अवघड गोष्ट ऋतूची. बारामती तालुक्यातच पाहा: नीरेच्या डाव्या कालव्याखाली ऊस डोलत असतो, आणि तेथून दोन-चार कोस दूर गेले की कोरडा जिरायत माळ लागतो. चार कोसांत एवढा पालट, तर हजार कोसांत किती असेल? केदारनाथाचे दार भाऊबीजेस हिवाळ्यासाठी बंद होते. म्हणून ओवाळणी आटोपून निघणाऱ्यास ते दर्शन घडावयाचे नाही. आपल्याकडचा पाऊस सरला म्हणजे तमिळनाडूतही सरला, असे नव्हे. तेथील मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतला. काशीस वैशाखात उन्हाच्या झळा लागतात, श्रावण-भाद्रपदात गंगा घाट चढून येते आणि पौषातल्या धुक्याने गाड्या खोळंबतात. वृद्धांसाठी कार्तिक किंवा फाल्गुन हेच महिने बरे. इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर दर हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात, तेही हिमालय ओलांडून, आणि नेमक्या ऋतूत. पक्षी जे अंगभूत जाणतात, ते आपण पंचांग व नकाशा समोर ठेवून जाणून घेतले पाहिजे.

तिसरी गोष्ट मुक्कामांची. ती शिकावयास दूर जावे लागत नाही. १६८५ साली सुरू झालेला तुकोबांचा पालखी सोहळा देहूहून निघून बारामती आणि इंदापूर येथे मुक्काम करीत पंढरपुरास जातो. सुमारे अडीच आठवड्यांची ही वाटचाल. मुक्काम आधी ठरलेले, विसाव्याच्या जागा ठरलेल्या, पुण्यास तर दोन रात्रींची विश्रांती. शिवाय चालण्याचा वेग सर्वांत धडधाकट वारकऱ्याच्या पायांवर बेतलेला नसतो, म्हणूनच त्या समुदायात सत्तरीच्या म्हाताऱ्याही पंढरी गाठतात. आपल्या प्रवासात मात्र घरातला तरुण मुलगा कार्यक्रम आखतो आणि तो आजीला पाळावा लागतो. हा क्रम उलटा केला पाहिजे: आजीला जेवढे झेपेल तेवढाच दिवसाचा कार्यक्रम, आणि दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी केवळ विसावा.

आता थोडे व्यवहाराचे. आगगाडीची जागा पूर्वी १२० दिवस आधी राखता येई; १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची झाली. म्हणून दोन महिन्यांपूर्वीच निर्णय पक्का व्हावा. अरुणाचल, नागालँड, मिझोराम येथे जाणाऱ्यांनी प्रवेशाचा परवाना आधी काढावा. साऱ्या देशाचे घड्याळ एकच. परंतु कच्छ आणि अरुणाचल यांच्या सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचे अंतर पडते. हिवाळ्यात पूर्वेकडे साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. तिकडे उशिरा उठणाऱ्याचा अर्धा दिवस फुकट जातो.

मग मुलांचा बर्फ आणि आजीची काशी, या दोहोंचे काय करावे? ऋतूनेच त्याचा निवाडा केलेला आहे. उंच हिमालयातला बर्फ मे महिन्याच्या सुटीत पाहता येतो, काशी कार्तिकात. म्हणजे हे दोन प्रवास आहेत, एक नव्हे, आणि एका वर्षी दोन्ही करण्याची ऐपत सर्वांचीच नसते. अशा वेळी आधी कोणता, हे ठरविताना एवढेच ध्यानात धरावे की मुलांना हिमालय पुढेही पाहता येईल. आजीच्या पायांत बळ आहे ते याच वर्षी. देश इतका मोठा आहे की तो एका जन्मात पाहून संपत नाही. त्यातले थोडे राहून गेले, तर त्यात उणेपणा नाही. घरातल्या वडील माणसाची एक इच्छा राहून गेली, तर मात्र ती रुखरुख पुढे कोणत्याही प्रवासाने भरून निघत नाही.