पुराव्याचे ओझे

(मंडळाच्या शिवाजीनगर येथील सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि शहाजीराजांचे बंगळूर अशा रसाळ विषयांनंतर आमचा विषय रुक्ष वाटेल, हे आम्ही जाणून आहोत. काम करताना कामगाराला झालेली इजा, कामामुळे त्याला जडलेला रोग आणि त्याबद्दल त्याला मिळणारी नुकसानभरपाई, असा हा विषय आहे. आम्ही वकील नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि तीस वर्षे फायलींत घालविली, एवढाच आमचा अधिकार. परंतु ज्या शिवाजीनगरात आपण बसलो आहोत तेथे रसेल मार्केटच्या आसपास थोडे फिरले, तरी जुन्या मोटारींचे भाग सोडविणारी, घासणारी आणि पुन्हा विकण्याजोगे करणारी माणसे दिसतात. आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांचे आयुष्य एच. ए. एल., आय. टी. आय. किंवा एच. एम. टी.च्या यंत्रांपाशी गेले. तेव्हा विषय रुक्ष असला तरी परका नाही.

विलायतेत ज्येष्ठ बॅरिस्टरांचा एक वर्ग असा आहे की त्यांची सारी कारकीर्द याच शाखेत जाते. गोदीत, जहाजबांधणीत, गिरणीत राबलेल्या माणसाची फुप्फुसे हाच त्यांचा जन्मभराचा अभ्यासविषय. या शाखेचा पाया तेथे फार कष्टाने घातला गेला. १८३७ साली तेथील न्यायालयाने असे ठरविले होते की एका नोकराच्या चुकीने दुसऱ्या नोकरास इजा झाली तर मालक जबाबदार नाही. हा सिद्धान्त मोडीत निघण्यास १९४८ साल उजाडले. मधल्या काळात १८९७ साली मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई देणारा कायदा झाला आणि १९०६ मध्ये त्यात काही व्यवसायजन्य रोगांचा समावेश झाला. तरी रोगाची अडचण उरलीच. अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूने कर्करोग झालेला कामगार आयुष्यात चार मालकांकडे राबलेला असे. घातक तंतू कोणाच्या कारखान्यातला, हे कोणताही वैद्य सांगू शकत नव्हता आणि म्हणून चारही मालक सुटत असत. शेवटी २००२ साली फेअरचाइल्ड खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की ज्याने ज्याने निष्काळजीपणे धोका वाढविला, त्याला जबाबदार धरता येईल. पुराव्याचे ओझे रोग्याच्या छातीवरून थोडे खाली उतरले, ते असे.

आपल्याकडे या शाखेत जन्म घालविलेला बॅरिस्टर कोण, असे विचारले तर चटकन नाव सुचत नाही. याचे कारण सरळ आहे. भरपाईच्या रकमा लहान, अशील गरीब, आणि पुष्कळदा तो वकिलाच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. आपला मोठा बॅरिस्टर या विषयात शिरला तो निराळ्या दाराने, आणि आज आम्हास प्रामुख्याने त्याच दारापाशी आपणास न्यायचे आहे.

आपल्या देशात १८५५ च्या कायद्याने अपघाती मृत्यूबद्दल वारसांना दावा लावता येत होता. पण त्यात दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा लागे. गिरणीच्या पट्ट्यात सापडून नवरा गेलेल्या बाईने मुकादम, इंजिनियर आणि मॅनेजर यांच्याविरुद्ध साक्षीदार आणावयाचे कोठून? १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. 'नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात' इजा झाली एवढे दाखविले की पुरे, मालकाची चूक दाखविण्याची गरज नाही, हे त्याचे सार. त्या वेळी मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी. पुढे १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाचेही ते सभासद होते. त्या आयोगाच्या शिफारशींवरून १९३३ साली हा कायदा सुधारण्यात आला. जोशी वकील नव्हते, वक्तेही फर्डे नव्हते म्हणतात. पण कलमाला कलम जोडण्याची चिकाटी त्यांच्यापाशी होती. आम्हा कारकुनी पेशाच्या माणसांना असा पुरुष विशेष जवळचा वाटतो.

ज्या १९२३ साली हा कायदा संमत झाला, त्याच साली ग्रेज इनचे बॅरिस्टर डॉ. भीमराव आंबेडकर यांनी मुंबई उच्च न्यायालयाची सनद घेतली. राहावयास ते परळच्या बी. आय. टी. चाळीत. सोशल सर्व्हिस लीगचे, म्हणजे जोशींच्याच संस्थेचे, दामोदर हॉल तेथून जवळ, आणि आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचा आरंभ १९२४ मध्ये त्याच हॉलमधील सभेतून झाला. कापसाच्या धुळीने खोकणारा माणूस या बॅरिस्टरांनी पुस्तकात पाहिलेला नव्हता, तो त्यांच्या शेजारी राहत होता.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते आंबेडकरांकडे होते. घटनेच्या शिल्पकाराची थोरवी गाताना ही चार वर्षे आपण एका वाक्यात उरकतो. वास्तविक याच काळात प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखून १९४४ च्या ऑगस्टमध्ये सादर केली. त्याच वर्षी डी. व्ही. रेगे या आय. सी. एस. अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमण्यात आली. तिच्या सभासदांत आडारकर आणि एस. आर. देशपांडे होते. दिल्ली-सिमल्याच्या त्या कचेऱ्यांत मराठी भाषा किती बोलली जात असेल याची कल्पना करण्याचा मोह आम्हास आवरत नाही, पण असो.

आडारकरांची योजना मुख्यतः आजारपणाची होती. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनी ती तपासली आणि बाळंतपण व कामावरील इजा यांचीही तिच्याशी सांगड घालावी असे सुचविले. विधेयक १९४६ मध्ये आले, तोवर आंबेडकर खात्यातून बाहेर पडले होते. १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आपण ज्याला 'ई. एस. आय.' म्हणतो ते हेच.

या रचनेतील मर्म पाहा. एका बॅरिस्टराच्या खात्यात अशी योजना वाढली की जिच्यात जखमी कामगाराला बॅरिस्टरची पायरी चढावी लागू नये. मालक आणि कामगार दोघांनी महिन्याला वर्गणी भरावी, इजा झाली तर महामंडळाने पैसे द्यावेत, आणि मालकाशी भांडण्याचा प्रसंगच येऊ नये. यामुळे विलायतेसारखी मोठी वकिली आपल्याकडे उभी राहिली नाही. हे बरे झाले की वाईट, याविषयी दुमत होऊ शकेल. आमचे मत असे की अपघातापुरते ते बरे झाले.

अपघाताच्या बाबतीत न्यायालयांनीही पुढे उदारपणा दाखविला. मुंबईच्या बी. ई. एस. टी.चा एक बसचालक १९५७ साली काम आटोपून आपल्याच संस्थेच्या बसने जोगेश्वरीहून सांताक्रूझला घरी चालला असता अपघातात दगावला. तो कामावर होता की नव्हता? सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये बहुमताने ठरविले की चालकांना बसने फुकट जाऊ देणे हा सेवेच्या सोयीचाच भाग होता, म्हणून तो नोकरीच्या ओघातच होता. त्या तिघा न्यायाधीशांत न्या. मुधोळकर होते. कामगार कायद्यावर ज्यांचा ठसा उमटला आणि १९६६ साली जे राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष झाले, ते सरन्यायाधीश गजेंद्रगडकर. मुधोळ आणि गजेंद्रगड ही दोन्ही गावे याच कर्नाटकातली. आपल्यापैकी जे बंगळुरात राहून 'आम्ही परमुलखात आहोत' म्हणून हळहळतात, त्यांनी मराठी आडनावे जरा लक्षपूर्वक वाचावीत.

कारखान्याच्या वाटेवरील अपघाताचा प्रश्न मात्र दीर्घकाळ लोंबकळला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ई. एस. आय.च्या एका खटल्यात असा अपघात नाकारला. अखेर २०१० च्या दुरुस्तीने घर ते काम हा रस्ता विम्यात आला.

आता रोगाकडे वळतो. अपघाताला वेळ असते, जागा असते, रक्त असते, चार माणसे धावून येतात. धुळीला यांपैकी काहीच नसते. १९२३ च्या कायद्याने रोगांची एक अनुसूची जोडली. अनुसूचीतला रोग आणि त्यातलेच काम जुळले तर तो रोग कामामुळेच झाला असे गृहीत धरावयाचे. प्रारंभी तिच्यात शिसे, फॉस्फरस, अँथ्रॅक्स असे मोजकेच रोग होते. पुढे सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टोसिस, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस, गोंगाटाने येणारे बहिरेपण यांचीही भर पडली. कागदावर हे उत्तम. तथापि त्याच कायद्यात दुसरीकडे असे कलम होते की काम सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणे दिसली तर ती धरावीत. दगडाची धूळ कित्येकदा दहा-वीस वर्षे छातीत दबा धरून बसते. कायद्याची दोन वर्षे आणि फुप्फुसाची वीस वर्षे यांचा मेळ कसा बसावा?

गिरणीत बिसिनोसिसची खूण अशी की रविवारच्या सुटीनंतर सोमवारी छाती आवळल्यासारखी वाटे आणि आठवडा सरता सरता बरे वाटे. बायका म्हणत, 'सोमवारी यांना कामाचा कंटाळा येतो.' १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. माणसे कोकणात, देशावर, काही इकडे बंगळुरास मुलांकडे पांगली. त्यांच्याबरोबर खोकला आला, हजेरीपट आला नाही.

हे मुंबईतच घडते असे नव्हे. येथून शंभर किलोमीटरवर कोलारची सोन्याची खाण आहे. १९४० ते १९४६ या काळात तेथील ७,६५३ कामगारांची तपासणी झाली आणि त्यांतील ४३.७ टक्के लोकांना सिलिकोसिस आढळला. शंभरातले जवळजवळ चव्वेचाळीस! ती खाण २००१ साली बंद झाली. त्या सोन्याचे दागिने मात्र अजून कोणाकोणाच्या घरी असतील.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांची हकीकत सांगतो. त्यांचे नाव आणि कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. बेळगावकडील एका ओतकामाच्या कारखान्यात बावीस वर्षे साच्यांची वाळू झाडण्याचे आणि ओतीव भाग घासण्याचे काम त्यांनी केले. मागून बंगळुरास मुलाकडे आले. धाप लागे, म्हणून दोन वर्षे क्षयाची औषधे घेतली. तिसऱ्या डॉक्टरांनी प्रथमच विचारले, 'तुम्ही काम काय करत होता?' मग क्ष-किरण चित्र निराळ्या दृष्टीने पाहिले गेले. आम्ही सरकारी नोकर म्हणून कागद जमवून देण्याचे काम आमच्याकडे आले. वहिनींनी पत्र्याचा डबा आणून ठेवला. त्यात मुलांच्या गुणपत्रिका होत्या, शिधापत्रिका होती, दिवाळीच्या बक्षिसाच्या चिठ्ठ्यासुद्धा जपून ठेवलेल्या होत्या. परंतु ते कंत्राटदाराचे माणूस. कारखाना बंद, कंत्राटदार मृत, आणि ते कोणत्या खात्यात, कोणत्या धुळीत उभे होते हे सांगणारा एकही कागद नाही. फाइल नाही म्हणजे प्रकरण नाही, हे आम्हाला नव्याने शिकावे लागले नाही. पण ते वहिनींना समजावून सांगताना जीभ अडखळली. गेल्या वर्षी ते गृहस्थ गेले. मृत्यूच्या दाखल्यावर क्षय असे लिहिले आहे.

म्हणून १९९५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या याचिकेवर दिलेला निकाल आम्हास फार मोलाचा वाटतो. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. रोग सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये देण्यास सांगितले. पण त्याहून आम्हास महत्त्वाचे वाटते ते निकालातील एक कारकुनी कलम. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून किमान ४० वर्षे, अथवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जतन करावी, असे मालकांवर बंधन घातले गेले. धुळीचा वेग ओळखून लिहिलेला हा आकडा आहे. दुर्दैवाने तो आदेश अ‍ॅस्बेस्टॉसपुरता. वाळू, कापूस, दगड यांना तो लागू झाला नाही.

१९२३ आणि १९४८ चे दोन्ही कायदे आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. कायद्याचे नाव बदलले तरी अर्जाबरोबर काय जोडावयाचे हा प्रश्न बदलत नाही. तेव्हा भाषणाबरोबर एक काम आपणावर सोपवितो. आपल्या घरी कारखान्यात, छापखान्यात, गिरणीत, खाणीत राबलेले कोणी वडीलधारे असतील, तर त्यांच्यापाशी बसून एवढे लिहून घ्यावे: कारखान्याचे नाव, खाते, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, काम नेमके कोणते, धूळ कशाची, आवाज किती, बरोबर कोण होते, छातीचे चित्र केव्हा काढले आणि ते कोठे आहे. विम्याचा क्रमांक असल्यास तोही. खाली त्यांची सही आणि तारीख घ्यावी. असा कागद न्यायालयात पुरेसा ठरेलच असे नाही, परंतु डॉक्टरांच्या टेबलावर तो पहिल्याच दिवशी उपयोगी पडतो. सोबत्यांची नावे त्यात असली की साक्षीदार शोधण्याची वणवण वाचते.

मंडळाच्या वाचनालयात यासाठी एक वही ठेवावी, अशी विनंती आम्ही कार्यवाहांना केली होती आणि त्यांनी ती मान्य केली आहे. वहीचे रकाने आखून झाले आहेत. रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात आम्ही तेथे बसू. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी नुसते येऊन सांगावे, आम्ही लिहून घेऊ.