मेंदूच्या वॉर्डातल्या सिस्टर

गटाच्या बैठकीला गेलो की आम्हाला हमखास विचारतात, "सिस्टर, मेंदूच्या पेशंटचं काम तुम्ही कुठं शिकलात?" आज तेच सांगतो.

बारावीनंतर आमच्यातल्या कुणी 3 वर्षांचं जीएनएम केलं, कुणी 4 वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. मग नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली. पुढं काही वर्षं जनरल वॉर्ड, बाळंतपणं, रात्रपाळ्या. त्यानंतर ज्यांना ओढ होती त्यांनी मेंदूच्या आजारांच्या शुश्रूषेचा 1 वर्षाचा डिप्लोमा केला. बंगळूरच्या निम्हान्समध्ये असं शिक्षण मिळतं.

या वॉर्डात आधी नजर तयार होते. बेशुद्ध माणूस काय होतंय ते सांगू शकत नाही. म्हणून डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, याला आम्ही गुण देतो. पूर्ण शुद्धीवर असेल तर 15, सगळ्यात कमी 3. मघापेक्षा 2 गुण उतरले, तरी लगेच डॉक्टरांना बोलावतो.

अशी नजर घरातही हवी. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तो लकवा समजा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लक्षात ठेवा आणि 108 ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तोंडात पाणी किंवा औषध घालू नका.

नजरेनंतर आम्ही ऐकायला शिकलो. डॉक्टरांसमोर गप्प बसलेली बाई सिस्टरजवळ मन मोकळं करते. फिट येणाऱ्या मुलींच्या आया हळूच सांगतात, "लग्न ठरलंय, सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद केल्यात." मैत्रिणींनो, गोळी अशी एकदम बंद केली तर फिट उलटते, कधी जिवावर बेतते. चुलीजवळ, विहिरीवर फिट आली तर काय होईल, तुम्हीच विचार करा. नीट उपचार घेतले तर 10 पैकी 7 जणांच्या फिट थांबू शकतात. या मुलींना लग्न करता येतं, मुलंही होतात. फक्त दिवस राहण्याआधी डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे गरज असेल तर ते गोळी बदलून देतात. पोरीचा आजार झाकला, तर तिची गोळीही झाकली जाते.

तुमच्या मुलीला नर्सिंगला जायचं असेल, तर जरूर पाठवा. फी भरण्याआधी कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, एवढं मात्र पाहा. घरातल्या आजारी माणसाकडं जी पोर लक्ष देऊन बघते, तिची अर्धी तयारी तिथंच झालेली असते.