घरातल्या सशाची मोकळीक



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'घरातला ससा' असे सांगितले. फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी अदबीने विचारले, "किमान वेतनावर काही बोलणार नाही का?" मी म्हणालो, किमान वेतनावर मी तीस वर्षे बोलत आलो आहे आणि पुढेही बोलणार आहे. पण सशाच्या बाबतीत मी स्वतः आरोपी आहे. एकदा आरोपीचेही म्हणणे ऐकून घ्या.

मी सातवीत शाळा सोडली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या दारांवर, द्वारसभांतून झाले. प्राणिशास्त्राचा अधिकार मला नाही. आज जे सांगणार आहे ते काही वाचलेले, काही जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलेले आणि बरेचसे घरातल्या फरशीवर बसून पाहिलेले आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीने हट्ट धरला आणि आम्ही एक पांढरा ससा विकत आणला. दुकानदाराने सोबत पिंजरा दिला. लांबी दोन फूट, रुंदी दीड फूट, तळाला लोखंडी जाळी. जाळी कशासाठी, तर लेंड्या खाली ट्रेमध्ये पडाव्यात म्हणून. म्हणजे सोय होती ती साफ करणाऱ्याची, राहणाऱ्याची नव्हे. पिंजरा आम्ही गॅलरीत ठेवला. खायला गाजर, उरलेली पोळी, मूठभर धान्य. रविवारी तासभर बाहेर काढायचा आणि परत आत. ससा गप्प बसून असे. घरी पाहुणे आले की मी कौतुकाने सांगे, "फार गुणी आहे हो. कधी कसली तक्रार नाही."

वर्ष भरायच्या आत त्याने खाणे सोडले. डॉक्टरांनी त्याला अलगद उलटा धरून तळपाय दाखवले. केस गेलेले, कातडी सोललेली, मांस लाल झालेले. पोटाचे कामही थांबले होते. त्यांनी मला विचारले, "हा रोज किती चालतो?" या प्रश्नाचे माझ्याकडे उत्तर नव्हते. तिसऱ्या दिवशी ससा गेला.

रिकामी टोपली घेऊन स्कूटरवरून घरी येताना मला एका कारखान्याचे व्यवस्थापक आठवले. वाटाघाटीच्या टेबलावर ते म्हणाले होते, "आमच्याकडे कोणाचीही तक्रार नाही." मी उत्तर दिले होते, "साहेब, तक्रार नाही याचा अर्थ तक्रार करायची सोय नाही." त्या वाक्यावर मी पुढे कितीतरी सभांत टाळ्या घेतल्या. आणि घरी मीच तो साहेब होतो!

तेव्हापासून मी सशाविषयी वाचू लागलो. पहिल्याच पानांवर माझे अज्ञान उघडे पडले. आपल्या भाषेत शेतात पळणारा तो ससा आणि दुकानात मिळतो तोही ससाच. पण ही दोन वेगळी जनावरे आहेत. आपल्या माळावरचा ससा उघड्यावर, गवताच्या आडोशाला राहतो. त्याची पिले डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊन जन्माला येतात. तो वन्य प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडून घरी ठेवणे हा गुन्हा आहे. घरी पाळतात तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा. तो जमिनीत बिळे खणतो, कळपाने राहतो आणि त्याची पिले आंधळी, बिनकेसांची जन्मतात. दिवसभर बिळात विश्रांती घ्यायची आणि पहाटे व तिन्हीसांजेला बाहेर पडून चरायचे, धावायचे, खणायचे, हा त्याचा दिनक्रम. आपण त्याला उंदराच्या जातीचा समजतो, पण १९१२ पासून शास्त्रज्ञांनी ससेवर्गाला कुरतडणाऱ्या प्राण्यांपासून वेगळे काढले आहे.

त्याच्या शरीराची घडणच हालचालीसाठी आहे. मागचे पाय दणकट, पण हाडे हलकी. मांजराच्या हाडांचा सांगाडा वजनाच्या सुमारे बारा-तेरा टक्के भरतो, तर सशाचा सात-आठ टक्के. म्हणून चुकीचा उचलला आणि त्याने जोरात लाथ झाडली, तर त्याचाच कणा मोडू शकतो. त्याचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात वर्षाला चार-पाच इंच वाढतात आणि गवत चावून चावूनच झिजतात. गाजर हे त्याचे जेवण नव्हे, तो गोड खाऊ आहे. त्याचे खरे जेवण वाळलेले गवत. ते पोटात सतत जात राहिले पाहिजे, आणि पोट चालायचे तर ससाही चालला पाहिजे. डॉक्टरांनी मला तो प्रश्न का विचारला, हे मला ससा मेल्यावर कळले.

आता जागेचा हिशेब पाहू. १९४८ च्या कारखाना कायद्याने नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर, म्हणजे सुमारे ५०० घनफूट जागा ठरवून दिली होती. शिवाय जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची जागा हिशेबात धरायची नाही, असेही त्यात होते. नाहीतर उंच छपराकडे बोट दाखवून मालक सुटला असता. जनावरांचा विचारही कायद्याने केला आहे. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी आग्रह धरला आणि पुढे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. ज्या पिंजऱ्यात जनावराला पुरेशी हालचाल करता येत नाही, त्यात त्याला कोंडणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. १९६५ साली ब्रिटनमध्ये ब्रॅम्बेल समितीने सांगितले की, जनावराला निदान उभे राहता, आडवे होता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. माझा ससा मागच्या पायांवर उभा राहिला की त्याचे कान छताला लागत. त्या किमान कसोटीलाही मी उतरलो नव्हतो.

ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन सांगते की, दोन सशांना किमान तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद जागा हवी, आणि ती चोवीस तास हवी. आपल्या मापाने साधारण ६५ चौरस फूट. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटले. कारण माझे बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेले. आमची खोली १६० चौरस फुटांची आणि आम्ही आठ माणसे. वडील गिरणीतून रात्रपाळी करून येत आणि आमच्या गोंगाटात तोंडावर चादर ओढून झोपत. त्या खोलीत मी ससा आणला असता, तर आईने दोघांनाही दाराबाहेर काढले असते. आणि तिचेच बरोबर ठरले असते.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्या घरात माणसांनाच पाय पसरायला जागा नाही, त्या घराने ससा आणू नये. यात गरिबीचा अपमान नाही. मुलाचा हट्ट एका दिवसाचा असतो आणि नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो. पण ज्यांच्याकडे दोन-तीन खोल्या आहेत आणि तरीही ज्यांचा ससा गॅलरीतल्या पिंजऱ्यात आहे, त्यांच्याशी मला बोलायचे आहे. कुत्र्यामांजराप्रमाणे ससाही घरात मोकळा राहू शकतो. अमेरिकेत १९८५ साली मॅरिनेल हॅरिमन यांनी यावर पुस्तक लिहिले आणि १९८८ साली कॅलिफोर्नियात हाऊस रॅबिट सोसायटी स्थापन झाली. त्यानंतर असंख्य घरांनी हे करून पाहिले आहे.

आमच्या घरीही ते झाले. गावी परतणाऱ्या एका कुटुंबाने आपले दोन ससे आमच्या मुलीला देऊ केले. माझी अट होती की पिंजरा येणार नाही. माझ्या पत्नीची अट अधिक शहाणपणाची होती. ती म्हणाली, "तुमचा ससा मोकळा आणि झाडू माझ्या हातात, असे चालणार नाही." मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. घरातल्या एकाची मोकळीक दुसऱ्याच्या पाठीवर उभी राहता कामा नये. आम्ही पाळ्या लावल्या. सकाळचे गवत आणि पाणी मुलीकडे, लेंड्या आणि झाडू माझ्याकडे, भाजी पत्नीकडे. पाळीचा कागद आजही फ्रिजवर चिकटवलेला आहे.

मोकळे ठेवणे म्हणजे दार उघडून आपण वर्तमानपत्र वाचत बसणे नव्हे. आधी एकाच खोलीपासून सुरुवात करावी. वायरी आधी उचलाव्या किंवा नळीतून न्याव्या. सशाला वायर म्हणजे बिळाच्या वाटेत आडवे आलेले मूळ वाटते आणि तो ते एका घासात तोडतो. आमचे तीन चार्जर गेले, ते स्वस्तात पडले. भिंतीतली वीज २३० व्होल्टची असते. कण्हेर, घाणेरी, मनीप्लांट यांच्या कुंड्या बाहेर काढाव्या. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, म्हणून सतरंज्या, जुन्या गोधड्या अंथराव्या. लपायला दोन दारांचे खोके द्यावे, कारण एका दाराचे बीळ त्याला सापळा वाटते. ससा शक्यतो एकाच कोपऱ्यात घाण करतो. तो कोपरा त्याला निवडू द्यावा, तिथे ट्रे ठेवावा आणि ट्रेच्या कडेला गवत भरावे. खाता खाता त्याचे ते काम उरकते. नसबंदी केली की ही सवय पक्की होते. माद्यांना पुढे गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो, तोही टळतो. आणि जोडी असेल तर नसबंदी हवीच. सशाचा गर्भकाळ महिनाभराचा आणि मादी व्याल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी सशांचा अनुभव असलेला डॉक्टर मात्र शोधावा.

सध्याच्या दिवसांत आणखी एक काळजी. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांतून बाहेर टाकतो. तापमान तीस अंशांपुढे गेले की त्याला उष्माघात होऊ शकतो. त्यामुळे आपल्या वैशाखात गॅलरी ही त्याची जागा नव्हेच. घरातल्या थंड फरशीवर पाण्याची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली, तर तो आपणहून तिला टेकून बसतो.

हे सारे केल्यावर काय मिळते? आमच्या घरी पहिले आठ दिवस दोघे पलंगाखालून बाहेर आले नाहीत. नवव्या दिवशी पहाटे मी चहा टाकत होतो. त्यातला एक स्वयंपाकघराच्या दारातून धावत आला, हवेत उडाला, उडत्या उडत्या अंगाला पीळ दिला आणि उलट्या दिशेने पळाला. मी घाबरलो. वाटले, काही झटका आला. मुलगी म्हणाली, "बाबा, तो खूश आहे." दुसऱ्या दिवशी तोच ससा धाडकन कुशीवर पडला आणि मी पुन्हा धावलो. ती त्याची निर्धास्त झोप होती. पहिला ससा आमच्याकडे जवळजवळ वर्षभर होता. त्याला मी असे उडताना किंवा असे पडताना एकदाही पाहिले नव्हते. ज्याला मी गुण म्हणत होतो, ते जागा नसलेल्या जनावराचे गप्प बसणे होते.

आता शेवटचे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. कंटाळा आला की काही लोक पाळलेला ससा टेकडीवर किंवा बागेत नेऊन सोडतात. वर सांगतात, "बिचाऱ्याला मोकळा केला." कामगारांच्या कानाला हा शब्द ओळखीचा आहे. मालक एखाद्याला कामावरून काढतो तेव्हाही तो म्हणतो, "त्याला मोकळा केला." त्या माणसाला मोकळीक मिळाली काय? घरात वाढलेल्या सशाला टेकडीवर ना बीळ आहे, ना कळप, ना ऊन-पावसाची ओळख. कुत्री, घारी त्याची जी गत करतात तिला मराठीत ससेहोलपट म्हणतात. मोकळे सोडणे आणि मोकळीक देणे या दोन गोष्टी आहेत. सोडणाऱ्याची जबाबदारी तिथे संपते. मोकळीक देणाऱ्याची तिथे सुरू होते. जागा, गवत, पाणी, सोबत आणि रोजचा झाडू, एवढे सगळे मिळून ती मोकळीक बनते. माणसाच्या बाबतीतही मी आयुष्यभर यापेक्षा वेगळे काही मागितलेले नाही.

आपल्यापैकी कोणाच्या गॅलरीत पिंजरा असेल, तर आज घरी गेल्यावर एक करा. खोलीचे दार लावा, वायरी उचला, पिंजऱ्याचे दार उघडा आणि जमिनीवर बसा. त्याला ओढून बाहेर काढू नका. तो येईल तेव्हा येईल. माझ्या पहिल्या सशासाठी मी हे केले नाही.