डाळीपुरती कळशी

मी बिअर घेत नाही, कधी घेतलेलीही नाही. तरी आज तिच्याविषयी बोलतोय, त्याला कारण माझा भाचा. बी.एस्सी. होऊन तो बिअरच्या कारखान्यात लागला आणि माझ्या थोरल्या बहिणीनं, आपानं, त्याच्याशी बोलणं टाकलं. मध्यस्थी माझ्या गळ्यात पडली. मी त्याला विचारलं, "तू तिथं करतोस तरी काय?" तो म्हणाला, "मामू, मी पाणी तपासतो."

मला वाटलं, टाळतोय. पण तो सांगत गेला. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच. बाकी जव, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं आणि यीस्ट. जवाला मटकीसारखे मोड आणून ते भट्टीत वाळवायचे. आच मंद ठेवली तर बिअर सोनेरी. पार काळपट भाजले तर तीही काळी, कॉफीच्या चवीची. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरला लवंगेचा, पिकल्या केळ्याचा वास येतो. लवंग-केळं कुणी घालत नाही, ती सगळी यीस्टची करामत! आणि तिथल्याच १५१६ सालच्या कायद्यानं बिअरसाठी जव, हॉप्स, पाणी एवढंच सांगितलं. यीस्टचा उल्लेखच नाही.

पण भाच्याचं सगळं लक्ष पाण्यावर. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम विरघळलेलं असतं. अशा पाण्यात हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, कोरडा उमटतो. एकोणिसाव्या शतकात तिथल्या बिअरची पिंपं जहाजांतून हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी येत. 'इंडिया पेल एल' हे नाव त्या व्यापारातलं. इतर गावचे कारखानदार मग आपल्या पाण्यात जिप्सम मिसळू लागले. बोहेमियातल्या पिल्सेनचं पाणी याच्या अगदी उलट, क्षार जवळजवळ नाहीतच. १८३८ मध्ये त्या गावात खराब बिअरची छत्तीस पिंपं भर रस्त्यात ओतली गेली. नवा कारखाना उभा राहिला, आणि १८४२ मध्ये बव्हेरियाहून आणलेल्या योझेफ ग्रोलनं त्या मृदू पाण्यात फिके जव आणि झाटेच भागातले हॉप्स घालून सोनेरी बिअर केली. आज जगभर दिसणारी सोनेरी बिअर बहुतेक तिच्याच वळणाची.

ऐकता ऐकता मला अम्मी आठवली. आमच्या मशिदीमागच्या विहिरीचं पाणी जड, त्यात डाळ शिजायची नाही. डाळीपुरती एक कळशी नदीवरून यायची, आणि ती आणायचं काम आपाचं. बर्टनच्या पाण्यात आहे तेच कॅल्शियम आमच्या डाळीला आडवं येत होतं.

आपाकडे गेलो. धर्माचं काही काढलं नाही. तिथं तिचं म्हणणं मला खोडायचं नव्हतंच. पोरगा काय करतो ते सांगितलं, त्या कळशीची आठवण काढली. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "पाणी तपासतो ना? मग मशिदीमागच्या विहिरीचं तपासून दे म्हणावं."

गेल्या महिन्यात तो गावी जाऊन पाणी घेऊन आला. अजून तितकंच जड आहे.