पारितोषिक कोणास द्यावे?



आमच्या डहाणू-तलासरी भागात पारितोषिक म्हणजे पहिला क्रमांक, अशीच समजूत रूढ आहे. २००८ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती योजनेत आठवीच्या परीक्षेतून निवडलेल्या गरीब मुलांस नववीपासून बारावीपर्यंत वार्षिक १२,००० रुपये मिळतात. योजना स्तुत्य खरी; परंतु दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेला वारली मुलगा परतून वीस गुणांवरून चाळिसांवर येतो, त्याच्या कष्टांची नोंद कोणत्या यादीत होते?

प्रभूंच्या दाखल्यात कमीअधिक द्रव्य मिळालेल्या दोन्ही विश्वासू सेवकांस धन्याने सारखीच शाबासकी दिली. म्हणून प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच मागील परीक्षेशी व्हावी, असे आम्हांस वाटते.

तथापि केवळ गुणांवर पैसे वाटणे इष्ट नव्हे. अमेरिकेत रोलंड फ्रायर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गुणांच्या मोबदल्याने विशेष लाभ दिसला नाही. वाचलेल्या पुस्तकांच्या मोबदल्याने मात्र लहान मुलांचे आकलन वाढले. गुण वाढवावे कसे, हेच पुष्कळदा मुलास ठाऊक नसते. तेव्हा महोत्सवाच्या निधीतून बक्षिसासोबत सायंकाळी शिकविणारा शिक्षकही द्यावा, ही आमची कळकळीची विनंती.